दुचाकीचा दीर्घ प्रवास आणि रजेचा प्रश्न

मोटारसायकलवरून चार-पाच दिवस घाटांतून आणि खाड्यांकाठी हिंडणे हा सुखवस्तू तरुणांचा शौक आहे, त्याची चर्चा व्याख्यानमालेत कशासाठी, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. आम्हांला तसे वाटत नाही. चाकण-भोसरीकडचा कामगार आज मोटारसायकलवरूनच कामावर येतो. चार दिवस मोकळे मिळाले तर तिच्यावरूनच कोकण पाहावे, असे त्यालाही वाटते. हा प्रवास सुखाचा कसा होतो आणि घातक कशाने ठरतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल एक वाट घेऊ. पुण्याहून वाई, पसरणी घाट, पाचगणी या मार्गाने महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. पहिल्या दिवशी एवढे पुरे. दुसऱ्या दिवशी वाटेत प्रतापगड पाहून आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठावे आणि खेड-दापोलीवरून हर्णैला उतरावे. तेथे संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. तिसऱ्या दिवशी दाभोळला वाशिष्ठीची खाडी आणि तवसाळला शास्त्रीची खाडी फेरीबोटीने गाडीसकट ओलांडावयाची. मध्ये गुहागर, वेळणेश्वर, हेदवी ही गावे लागतात. मुक्काम गणपतीपुळ्यास, शेजारी मालगुंड, जेथे १८६६ साली केशवसुत जन्मले. चौथ्या दिवशी रत्नागिरी आणि आंबा घाटाने कोल्हापूर, पाचव्या दिवशी हमरस्त्याने पुणे. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस या वाटेला उत्तम.

आता यंत्राचा विचार करू. महाबळेश्वर ते पोलादपूर या सुमारे ४० किलोमीटरांत रस्ता १,२०० मीटरांहून अधिक खाली उतरतो. पेट्रोल वाचविण्यासाठी अनेकजण अशा उतारावर इंजिन बंद करून किंवा गिअर काढून गाडी सोडून देतात. हे अत्यंत चुकीचे आहे. गाडी गिअरमध्ये असली म्हणजे इंजिनच चाकाला आवरून धरते. गिअर काढला की सारा भार ब्रेकवर पडतो, तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम दुचाकीलाही लागू आहे. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. कारण तिरकी झालेली गाडी जोराने ब्रेक दाबताच घसरते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबावयास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हेही ध्यानी ठेवावे.

परंतु यंत्रापेक्षा अधिक लक्ष द्यावयाचे ते माणसाकडे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. थकलेल्या माणसाचा हात ब्रेककडे एक सेकंद उशिरा गेला, तर तेवढी १७ मीटर वाट आंधळेपणाने कापली गेली. समोर वळणावर एस. टी. किंवा गुरांचा कळप असला, म्हणजे या १७ मीटरांचा अर्थ कळतो. दुचाकीवर तर डुलकीलाही जागा नाही. वारा, ऊन आणि हादरे यांनी येणारा थकवा दोन तास बसल्यावर अंगात भिनतो, आणि तो आल्याचे स्वाराला चटकन कळतही नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरचे काम दिवसाला ८ तासांचे ठरविले आणि ५ तासांहून अधिक सलग काम न देता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असे सांगितले. पगार घेऊन गाडी हाकणाऱ्यासाठी जे नियम चळवळीने मागून घेतले, ते हौसेने गाडी हाकणाऱ्याने स्वतःला का लावू नयेत? आमच्या मते दुचाकीस्वाराने दर दीड-दोन तासांनी उतरावे, पाणी प्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

मग हा पाच दिवसांचा प्रवास शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परतण्याच्या घाईत का कोंबला जातो? आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर हे नित्य पाहतो. दुसरी पाळी संपवून पोरे तशीच कोकणच्या वाटेला लागतात आणि सोमवारच्या पहिल्या पाळीला लाल डोळ्यांनी यंत्रापुढे उभी राहतात. लोक याला तरुणांचा उतावीळपणा म्हणतात. आम्ही याला रजेचा प्रश्न म्हणतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा दिली. २०२० साली संमत होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. तरीही मागितलेली रजा वेळेवर मिळत नाही, कंत्राटी कामगाराला ती मागण्याची भीती वाटते, आणि पुष्कळ कायम कामगार रजेचे पैसे करून घेतात. घरखर्चाची ओढ आम्ही जाणतो. पण विकलेल्या रजेचा थकवा अंगातच राहतो.

म्हणून प्रवासाची तयारी हेल्मेट, साखळीचे तेल आणि टायरमधील हवा यांपासून सुरू होत नाही. ती रजेच्या अर्जापासून सुरू होते. महिनाभर आधी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि निघण्याच्या आदल्या रात्री पुरी झोप घ्यावी. रजा दोनच दिवसांची मिळाली तर वाईपर्यंत जाऊन कृष्णेच्या घाटावर बसावे आणि परतावे. कोकण पुढल्या वर्षीही तेथेच असणार आहे.