सुईदोऱ्याचा जमाखर्च

परवा एका विवाहसमारंभात रुखवताच्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहण्याचा योग आला. क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, भरतकाम केलेले उशीचे अभ्रे, लोकरीचे इवलेसे मोजे असे सारे नीटनेटके मांडलेले होते. वधूच्या मावशींपाशी कौतुकाचे दोन शब्द बोललो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो, आमच्या मुलीला वेळ कुठला? हे सगळे तयारच आणले आहे." क्षणभर मन खट्टू झाले. घरी परतताना मात्र वाटले, की यात खट्टू होण्यासारखे नेमके काय आहे? मुलगी नोकरी करते, आपल्या पायावर उभी आहे. लग्नाआधीची दोन वर्षे तिने रुमालांच्या कडा विणण्यात घालवली नाहीत, याबद्दल तिला दोष देणारे आपण कोण?

हा प्रश्न मनात घेऊनच सुईदोऱ्याच्या छंदाबद्दल लिहिले पाहिजे. नाहीतर त्या लिखाणाला जुन्या काळाच्या गोडव्यांचे स्वरूप येते. आपल्या आज्या-पणज्यांनी जे शिवले, विणले, भरले, ते सगळे छंद म्हणून नव्हे. बाळंतविड्यातील झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची घरीच शिवावी लागत, कारण दुसरी सोय नव्हती. विरलेली लुगडी आणि जुनी धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी शिवली जाई, कारण थंडी दाराशी आलेली असे. रुखवत ही तर मुलीची उघड परीक्षाच होती. टाका सरळ आला की नाही, यावरून तिच्या वळणाची पारख व्हायची. या कामात त्या स्त्रियांना आनंद मिळाला असेल, नव्हे मिळालाच. परंतु तो नाकारण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते.

यंत्राने ही सक्ती हळूहळू काढून घेतली. १८३० च्या सुमारास फ्रान्समधील थिमोनिए या शिंप्याने शिवणयंत्र चालते करून दाखवले, तेव्हा पोट जाईल या भीतीने पॅरिसमधील शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ साली एलायस हाऊ यांना आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांना पेटंट मिळाले, आणि शिवणयंत्र घरोघर पोचले. आज तयार कपडा इतका सहज मिळतो, की सुई हाती धरण्याची गरज कोणालाच उरलेली नाही. सक्ती गेली हे उत्तमच झाले. पण तिच्यामागोमाग आनंदानेही का निघून जावे?

एका धाग्याची किमया

हा आनंद कोणत्या प्रकारचा आहे, हे कचेरीत वा शाळेत आयुष्य घालवणाऱ्यांना सांगणे सोपे आहे. कारकुनाच्या टेबलावर फाईल येते ती अर्धवट, आणि पुढच्या टेबलाकडे जाते तीही अर्धवटच. शिक्षक वर्षानुवर्षे शिकवतो. त्याचे फळ कुठे आणि केव्हा दिसले, हे त्याला क्वचितच कळते. आरंभापासून अखेरपर्यंत एखादी वस्तू आपल्या हातून पूर्ण झाली, असे म्हणण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. तान्ह्या बाळाची लोकरीची टोपी मात्र सोमवारी रात्री सुयांवर चढते आणि आठवडा संपण्याच्या आत कोणाच्या तरी डोक्यावर बसते.

शिवाय विणकामातील बुद्धीचा भाग लक्षात घेण्याजोगा आहे. सारी वीण दोनच टाक्यांवर उभी असते, सुलट आणि उलट. एक सुलट, एक उलट असे घालत गेले आणि पुढच्या ओळींत सुलटावर सुलट, उलटावर उलट येऊ दिले, की मनगटाशी घट्ट बसणारी लवचीक पट्टी तयार होते. एका ओळीत सारे सुलट आणि पुढच्या ओळीत सारे उलट घातले, की गुळगुळीत अंग तयार होते. क्रोशाच्या एकाच सुईवर साखळी, खांब आणि मुका खांब यांच्या हिशेबाने गोल रुमाल वाढत जातो. खांबांची संख्या कमी पडली तर त्याची वाटी होते आणि जास्त झाली तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेही हा हिशेब विनातक्रार करतात, कारण चूक झाल्याचे मास्तरांच्या आधी त्यांचा हातच त्यांना सांगतो.

आणि ती चूक सुधारता येते. विणलेले वस्त्र म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. टोक सोडून दोरा ओढला, की वीण उसवत जाते आणि लोकर पुन्हा मोकळी होते. लहान झालेला स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी करून, त्या धुऊन वाळवून पुन्हा नवा स्वेटर विणणाऱ्या आया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आपल्या व्यवहारातील किती चुका अशा मागे जाऊन निस्तरता येतात? परीक्षेचा एक गुण, सेवापुस्तिकेतील एक शेरा जन्मभर पाठ सोडत नाही. उसवण्याची लाज नसलेले काम हाती असणे, हा मनाला मोठाच विसावा आहे.

याला अभ्यासाचाही काही आधार आहे. २०१३ साली ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात ३,५४५ विणकरांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणतात, त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि प्रसन्न वाटत असल्याचे सांगितले. अर्थात ही साक्ष विणणाऱ्यांनी स्वतःच दिलेली. तिचा औषधासारखा गाजावाजा करण्याचे कारण नाही. ज्याला या कामाची गोडी नाही, त्याला ते डोकेदुखीच वाटेल.

"विकत स्वस्त मिळते"

या छंदावरचा पहिला आक्षेप पैशाचा असतो. मोठ्या माणसाच्या स्वेटरचा पुढचा भाग १०० टाक्यांचा आणि १५० ओळींचा धरला, तर त्यातच १५,००० टाके पडतात. तेवढीच पाठ आणि दोन बाह्या मिळवल्या, की हा आकडा ४०,००० च्या पुढे जातो. एवढ्या श्रमाची मजुरी लावली, तर बाजारातला स्वेटर केव्हाही स्वस्त ठरेल. हा हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त तो चुकीच्या वहीत मांडलेला आहे. रविवारी सह्याद्रीतला गड चढणाऱ्याला आपण मिळकत विचारत नाही. बुद्धिबळाच्या पटावर रात्र घालवणाऱ्याला डाव किती रुपयांचा झाला, असेही विचारत नाही. मग प्रश्न सुईवाल्यालाच का?

उलट, ज्याने एकदा स्वतः टाके मोजले, त्याचा बाजारातला व्यवहारही बदलतो. हातशिलाईच्या, भरतकामाच्या वस्तूपुढे उभा राहून तो घासाघीस करायला कचरतो, कारण त्या वस्तूत किती संध्याकाळी गेल्या असतील हे त्याला बोटांनी ठाऊक असते. सुईवर पोट असणाऱ्यांचे मोल ज्याला कळते असे गिऱ्हाईक या छंदातून तयार होते, हा त्याचा लहानसा सामाजिक लाभ मानायला हरकत नाही.

बायकी काम?

दुसरा आक्षेप अधिक खोल रुजलेला आहे. सुई ही बायकांची, अशी आपली समजूत. पण बाजारपेठेतल्या शिंप्याच्या दुकानात यंत्रावर बसलेला बहुधा पुरुषच असतो. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे. युरोपातील विणकऱ्यांचे जुने संघ पुरुषांच्याच हाती होते. तेव्हा सुई पैसे मिळवू लागली की ती पुरुषाची, आणि फुकट चालू लागली की बायकोची, असा हा सोयीचा न्याय आहे. १९६२ च्या युद्धात सीमेवरील जवानांसाठी देशभरातील स्त्रियांनी स्वेटर विणले, त्याचे आपण योग्य कौतुक केले. पण त्या वेळी किती पुरुषांनी सुया हाती घेतल्या? २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा सुवर्णपदकविजेता टॉम डेली प्रेक्षकांत बसून शांतपणे विणत होता, याचे जगाला नवल वाटले. ते नवल वाटावे, यातच आपली अडचण आहे.

आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला मुली वर्गात बसत आणि आम्हां मुलांना मैदानावर पिटाळले जाई. त्या वेळी आम्हाला तो आपला मान वाटे. पुढे नोकरीनिमित्त परगावी खोली घेऊन राहिलो आणि शर्टाचे बटण तुटले, तेव्हा त्या मानाची खरी किंमत कळली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकण्याची कल्पना मांडली. कल्पनांची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. उणीव आहे ती तास आणि साहित्य देण्याची, आणि त्याहून अधिक म्हणजे तो तास गुणांविना ठेवण्याच्या धैर्याची. गुण आले की रुखवत परत आले, असे समजावे. मग आईच रात्री जागून मुलीचा रुमाल पुरा करील.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींना विनंती एवढीच, की आठवड्यातला एक तास मुलगे आणि मुली या दोघांनाही सुईदोरा द्यावा. वह्या तपासू नयेत, प्रदर्शने मांडू नयेत. ज्याला गोडी लागेल तो पुढे जाईल, ज्याला लागणार नाही त्याला निदान बटण लावता येईल. आणि आपल्यासारख्या प्रौढांनी शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. लोकरीचा एक गुंडा आणि दोन सुया यांना फारसे भांडवल लागत नाही, आणि शिकवायला शेजारच्या एखाद्या काकू आनंदाने तयार होतील. पहिली पट्टी वेडीवाकडी होईल. ती उसवावी आणि पुन्हा विणावी.