वऱ्हाडी घर, पुस्तकी मराठी : घरच्या घरी लेखन-भाषणाचे धडे

अकोल्याहून पातूर मागे टाकून वाशीमकडे निघाले की मालेगाव तालुक्यातील मेडशी हे गाव लागते. या पट्ट्यातील मूल बोलायला शिकते ते वऱ्हाडीत. तांड्यावरचे असेल तर आधी गोरमाटीत आणि मग वऱ्हाडीत. पाण्याला ते 'पानी' म्हणते, डोळ्याला 'डोया' म्हणते, विहिरीला 'इहीर' म्हणते आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही, कारण घरात, वावरात, पाणवठ्यावर सगळेच तसे बोलतात. पुस्तक हाती आले की मात्र हेच शब्द एकाएकी अशुद्ध ठरतात. त्यावर कोणी हसले तर मूल आपले बोलणे आवरते घेते. तोंड मिटलेल्या मुलाची लेखणीही फार चालत नाही, हा अनुभव प्राथमिक वर्ग हाताळणाऱ्या कोणाही शिक्षकाला नवा नाही.

मूल घरीच शिकत असेल, तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. शाळेत चुका काढल्या गेल्या तर घर हा आसरा असतो. घरच चुका काढू लागले तर मुलाने जावे कोठे? पुण्या-मुंबईत काही कुटुंबे विचारपूर्वक मुलांना शाळेत न पाठवता घरी शिकवतात. मेडशीसारख्या गावात अशी निवड विरळा. तेथे घरचे शिक्षण बहुधा परिस्थितीने येते. मूल दीर्घकाळ आजारी असते, आईबाप हंगामात ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि मूल सोबत जाते. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर प्रत्येक घरावर ही जबाबदारी येऊन पडली. राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे जे मूल २०२० च्या जूनमध्ये पहिलीत बसायचे, त्याने वर्गाचे तोंड पाहिले ते थेट दुसरी अर्धी होत आल्यावर. त्या काळात घरोघरी एकच प्रश्न होता, आपल्याला धड लिहिता येत नाही तर लेकराला काय शिकवावे?

महाराष्ट्राच्या इतिहासात घरी शिकून वाणी आणि लेखणी कमावलेल्यांची उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवले ते मुख्यतः तोंडी, पाठांतराने. तीर्थयात्रेत पुराणे सांगता सांगता ही मुलगी वक्ती झाली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हणून गौरविले आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तिने स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना घरीच शिकवले, आणि पुढे त्यांनी लिहिलेल्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत मानाचे स्थान मिळवून बसल्या. यावरून घरचे शिक्षण शाळेपेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. या दोघींना घरी मिळालेले गुरू असामान्य होते. एवढे मात्र दिसते की दोन्ही घरांत रोज मोठ्याने वाचले जात होते, बोलले जात होते आणि ऐकणारे कोणीतरी होते.

मेडशीच्या पालकाने सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी नव्हे. तिचे बदल नियमाने होतात. प्रमाण मराठीतला 'ळ' वऱ्हाडीत बहुधा 'य' होतो, म्हणून काळा-काया, डाळ-डाय, फळ-फय. 'ण' चा 'न' होतो, म्हणून पाणी-पानी, लोणी-लोनी. शब्दाच्या आरंभी 'व' नंतर इकार किंवा एकार आला की 'व' गळतो किंवा बदलतो, म्हणून वीज-ईज, विस्तव-इस्तो, वेडा-येडा. विठ्ठल वाघ यांच्या काव्यसंग्रहाचे नाव 'काया मातीत' असे आहे आणि ते 'काळ्या' करावे असे कोणाला वाटत नाही. ज्या वाशीमच्या बोलीला आज नाके मुरडली जातात, ते वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. काव्यातील वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' म्हणत, ते याच वत्सगुल्माच्या नावावरून. या मातीला भाषेचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

म्हणून शिकवण्याचा क्रम असा असावा की आधी सांगणे, मग लिहिणे, आणि त्यानंतर पुस्तकी रूप. मुलाने दिवसभरात घडलेली एखादी गोष्ट आपल्या बोलीत सांगावी आणि मोठ्या माणसाने ती जशीच्या तशी लिहून घ्यावी. 'मी काल बाबासंगं वावरात गेल्तो. इहिरीत पानी नोतं. मंग आमी घरी आलो.' आपलेच बोलणे कागदावर उमटलेले पाहून मुलाला जो आनंद होतो, तो कित्त्यातली अक्षरे गिरवून होत नाही. ते वाक्य मूल सहज वाचते, कारण ते त्याचेच असते. दुसऱ्या दिवशी त्याखाली पुस्तकी वाक्ये लिहावीत. 'मी काल बाबांबरोबर शेतात गेलो होतो. विहिरीत पाणी नव्हते. मग आम्ही घरी आलो.' दोन्हींतला फरक मुलालाच शोधायला लावावा. वरचे खोडू नये. घरचे कपडे आणि लग्नाला जायचे कपडे वेगळे असतात, हे मुलाला सांगावे लागत नाही. भाषेचेही तसेच आहे. (येथे 'वावर' चे 'शेत' केले ते केवळ सरावासाठी. 'वावर' हा शब्द कोशातला आहे आणि कोणत्याही वहीत तो अभिमानाने राहू शकतो.)

घरी लिहिणारे कोणी नसेल तर? तरीही मार्ग खुंटत नाही. मूल वाचते आणि आई भाकरी थापताना ऐकते, हासुद्धा धडाच आहे. ऐकणाऱ्याने मधूनच 'मंग काय झालं?' एवढे विचारले तरी पुरे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला न कंटाळणारा श्रोता हवा असतो. तो साक्षरच असला पाहिजे असे नाही.

शुद्धलेखनाचे नाव काढताच पालकही दचकतात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले लेखनाचे नियम मुळात चौदाच होते; १९७२ मध्ये त्यांत आणखी चार जोडले गेले. अठरा नियम पाठ करण्याची मुलाला आवश्यकता नाही. त्यांपैकी तीन-चार नियमांनीच रोजच्या लेखनातल्या बहुतेक वेलांट्या-उकार मार्गी लागतात, आणि ते नियम शेतातल्या शब्दांवरच शिकता येतात.

पहिली गोष्ट शब्दाच्या शेवटाची. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा. पाणी, नदी, ज्वारी, विळी, पिशवी, लाडू ही त्याची उदाहरणे. संस्कृतातून आलेले कवी, गुरू हे शब्दही मराठीत एकटे असताना असेच दीर्घ लिहिले जातात. ठळक अपवाद म्हणजे 'आणि'. हा शब्द मुलांच्या वहीत सर्वाधिक वेळा चुकतो, तेव्हा तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला तरी चालेल.

दुसरी गोष्ट शेवटून दुसऱ्या अक्षराची. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ. तूर, मूग, ऊस, तीळ, पीक, मीठ, चूल, वीट, जमीन, विहीर हे सारे शब्द मेडशीच्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातले आहेत. आता या शब्दांना प्रत्यय लावावा. तुरीची शेंग, मुगाची डाळ, उसाचा रस, तिळाचे लाडू, पिकाला पाणी, मिठाचा खडा, चुलीत लाकूड, विटेची भिंत, जमिनीत ओल, विहिरीत बादली. दुसरी वेलांटी पहिली झाली, दुसरा उकार पहिला झाला. हे कोणी मुद्दाम ठरवलेले कोडे नाही. आपला उच्चारच तसा बदलतो. 'चूल' म्हणताना 'ऊ' लांबतो, 'चुलीत' म्हणताना आखडतो. मुलाला दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावून 'कोठे जास्त वेळ लागला?' असे विचारावे. उत्तर त्याच्या कानातच असते. 'लाकूड' आणि 'कापूस' मात्र निराळ्या वाटेने जातात. 'लाकडाचा', 'कापसाचा' असे होताना त्यांचा उकार नाहीसाच होतो. हेही मुलाला आधीपासून बोलता येतेच, फक्त ते कधी त्याच्या ध्यानात आणून दिलेले नसते.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या चौकटीत बसत नाहीत. 'गुण', 'विष', 'गणित' यांत शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्वच राहते आणि 'शरीर' चे 'शरीरात' होताना दीर्घ 'री' तशीच राहते. असे शब्द पुस्तकात भेटतील तसे डोळ्यांनीच ओळखीचे करून घ्यावेत. लहान वयात तत्सम-तद्भव असा भेद शिकवत बसण्यात अर्थ नाही.

वऱ्हाडी मुलाची खरी कसोटी लागते ती 'ळ' आणि 'ण' यांच्यापाशी. येथे कान मदत करीत नाही, कारण कानाने 'डाय' ऐकलेले असते. 'ळ लिही, ळ लिही' असा धोशा लावला तर मूल 'गाय' चेही 'गाळ' करून बसण्याचा संभव असतो. त्यापेक्षा दोन रकाने आखावेत. एकात घरचे रूप, दुसऱ्यात पुस्तकी रूप. रोज चार शब्द पुरेत. डाय-डाळ, केयी-केळी, शाया-शाळा अशी यादी वाढत जाते आणि 'माय', 'गाय', 'साय' हे शब्द दोन्ही रकान्यांत सारखेच राहतात, हे मुलाला आपोआप दिसते. एक गोष्ट मात्र निःशंकपणे सांगता येते. मराठी शब्दाच्या आरंभी 'ळ' किंवा 'ण' येत नाही. तेव्हा नदी, नांगर, नातू लिहिताना संशयाला जागाच नाही. संस्कृत शब्दांत र, ष किंवा ऋ यांच्या पाठीमागून येणारा नकार बहुधा 'ण' असतो. कारण, भूषण, ऋण ही त्याची उदाहरणे.

'वऱ्हाड' हा शब्द स्वतःच एक धडा आहे. त्यातला 'र' रफारासारखा डोक्यावर बसत नाही, आडवा अर्धचंद्र होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. 'आचार्यांना' बोलावले तर गुरुजी येतील आणि 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक होईल. अशी एक जोडी मुलाला सांगितली की तो फरक सहसा विसरला जात नाही. अक्षरांच्या आकाराबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. शासनाने १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयान्वये पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरविला आहे. एखादे जुने पुस्तक वेगळा आकार दाखवीत असेल, तर त्यावरून मुलाला रागावण्याचे कारण नाही.

चुका तपासण्याची पद्धत हा बऱ्याच घरांतला वादाचा विषय. तांबड्या शाईने भरलेले पान पाहून कोणाला पुढचे पान लिहावेसे वाटेल? एका दिवशी एकाच प्रकारची चूक पाहावी. सोमवारी शेवटच्या वेलांट्या, मंगळवारी फक्त 'ळ'. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या दिवशी सोडून द्याव्यात. श्रुतलेखन पाच ओळींपेक्षा अधिक नसावे आणि ते मुलाने स्वतःच मूळ पुस्तकाशी ताडून पाहावे. पालकाला शुद्धलेखनाची खात्री नसेल, तर याच रीतीने त्याची अडचण दूर होते. पंच पुस्तक असते, बाप नव्हे. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. घरात अधिक खोलात जाणारे कोणी असेल तर मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण किंवा अरुण फडके यांचा लेखन-कोश हाताशी असावा.

भाषणाकडे वळले की डोळ्यांपुढे उभे राहते ते सव्वीस जानेवारीचे व्यासपीठ. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' येथून सुरू होणारे आणि मध्येच एक ओळ विसरली की डोळ्यांत पाणी आणून संपणारे भाषण. पाठांतर वाईट नाही, पण त्याला बोलणे म्हणत नाहीत. बोलण्याचे उत्तम शिक्षण 'निरोप' देतो. शेजारच्या काकूंकडे मुलाला तीन गोष्टींचा निरोप देऊन धाडावे. गिरणी आज बंद आहे, उद्या सकाळी पीठ दळून मिळेल, आणि जाताना आमचाही डबा न्यावा. मुलाला क्रम लक्षात ठेवावा लागतो, समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि उलट निरोप अचूक आणावा लागतो. थोडे मोठे झाल्यावर कृषी सेवा केंद्रात बियाण्याची चौकशी, बँकेत पासबुक भरून घेणे, आजाराची लक्षणे डॉक्टरांना सांगणे अशी कामे मुलानेच बोलून करावीत आणि मोठ्यांनी बाजूला उभे राहावे. कोठे 'मले' म्हणावे आणि कोठे 'मला' म्हणावे, हे मूल अशा ठिकाणी स्वतःच हेरते.

या कलेचा मोठा आचार्य वऱ्हाडातच होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना शाळेचे शिक्षण नव्हते. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला सवाल-जवाब असे. ते वऱ्हाडीत प्रश्न टाकत, लोकांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न उभा करीत. हजारोंच्या जमावाला बांधून ठेवणारी ही रीत रात्री जेवणानंतर ओसरीवरही चालते. मुलाने प्रश्न विचारावेत, घरच्यांनी उत्तरे द्यावीत. नेहमीचा क्रम उलटा.

अखेर परीक्षेचा विचार करावाच लागतो. घरी शिकलेल्या मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देता येते. राज्य मंडळाच्या दहावीला सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेचे गुण मध्यंतरी काढून टाकण्यात आले होते. २०१९ मध्ये ते पुन्हा आणले गेले आणि ऐंशी गुणांच्या लेखी परीक्षेसोबत वीस गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाकडे आले. मात्र सहा ते चौदा वयाच्या मुलाला गावातल्या शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मागण्याचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने दिलेला आहे. ऊसतोडीहून परतलेल्या किंवा आजारातून उठलेल्या मुलासाठी ही वाट वर्षाच्या मध्यातही खुली असते, आणि घरी भरलेल्या दोन रकान्यांच्या वह्या अशा वेळी त्याने सोबत न्याव्यात. मूल कोठवर आले आहे, हे शिक्षकांना त्यातून चटकन कळते.