यंत्रास साधन सांगताना

हिशेबाच्या संगणक-प्रणालींत हल्ली कृत्रिम बुद्धीचे ‘एजंट’ राबू लागले आहेत. देयक शोधणे, ते रद्द करणे, अशी एकेक क्रिया म्हणजे त्यांचे एकेक ‘टूल’. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये अशा टूलास नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा आराखडा जोडतात. आतील रचना एजंटास दिसत नाही. तो निवड करतो ती ह्या शब्दांवरूनच.

तेव्हा ‘देयकाचे काम करते’ एवढेच लिहिणे म्हणजे नव्या कारकुनास ‘कपाट पाहा’ म्हणण्यासारखे होय. ‘देयक कायमचे रद्द करते, पूर्ववत करता येत नाही, केवळ रक्कम दुरुस्त करावयाची असल्यास वापरू नये’ असे लिहिले, तर एखाद्याच्या भरलेल्या पैशांची नोंद वाचेल. केव्हा वापरू नये, हेच लिहावयाचे राहून जाते. (आमची परिपत्रकेही ह्यास अपवाद नाहीत!)

तारखेचेही तेच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च; म्हणून ‘वर्ष-महिना-दिवस, उदाहरणार्थ २०२५-०४-०३’ असे वर्णनातच सांगावे.

असे एक वर्णन आम्ही संगणकाशी संबंध नसलेल्या एका सहकारी शिक्षकांस वाचावयास दिले. त्यांनी दोन शंका काढल्या. त्यांची उत्तरे आम्ही वर्णनातच घातली.