गाडीच्या नंबरवरून घरापर्यंत

लॉड हम्फ्रीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात सेंट लुइसमधल्या उद्यानांतील सार्वजनिक शौचालयांत होणाऱ्या पुरुषांच्या चोरट्या समलैंगिक भेटींचा अभ्यास केला. कोणी येत नाही ना, यावर लक्ष ठेवणारा माणूस बनून तो तिथे वावरला, शंभराहून अधिक गाड्यांचे नंबर टिपले आणि पोलिसांकडच्या नोंदींवरून मालकांचा माग काढला. सुमारे वर्षभराने, पेहराव आणि केशरचना बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या बहाण्याने त्यांच्यापैकी ५० जणांच्या घरी जाऊन त्याने मुलाखती घेतल्या. असे संबंध तेव्हा मिसुरी राज्यात गुन्हा होते. नाव फुटले असते तर नोकरी, संसार, अब्रू सगळेच पणाला लागले असते.

त्याचे समर्थक म्हणतात, कोणाचे काही बिघडले नाही; उलट यांतले निम्म्याहून अधिक जण विवाहित आहेत हे त्याच्या १९७० च्या पुस्तकाने दाखवले आणि कितीतरी गैरसमज खोडले. निष्कर्ष मोलाचे आहेतच. पण हम्फ्रीजने यादी कुलूपबंद ठेवली म्हणून अनर्थ टळला. धोका मात्र त्या माणसांच्या माथी होता आणि तो पत्करणार का, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. विचारले असते तर कोणी तोंडच उघडले नसते, हा समर्थकांचा दुसरा युक्तिवाद. त्याचे उत्तर, माझ्या मते, याच अभ्यासात आहे. डझनभर पुरुषांना हम्फ्रीजने आपली खरी ओळख सांगितली होती आणि तरीही ते मोकळेपणाने बोलले. सर्वांना विचारले असते तर वेळ अधिक लागला असता, मुलाखती कमी झाल्या असत्या. ती झळ संशोधकाने सोसायची होती.