पटका ओढला जातो, घरी सांगता येत नाही. परदेशातली शीख मुलं मदत कुठे मागतात?

पटका म्हटलं की आपल्याला फेटा आठवतो. शीख घरांमध्ये मात्र पटका म्हणजे लहान मुलांच्या डोक्यावर घट्ट बांधलेलं कापड. न कापलेल्या केसांचा बुचडा त्याखाली झाकलेला असतो. मूल मोठं झालं की पटक्याची जागा पगडी घेते.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडातल्या शाळांमध्ये शीख मुलांचा छळ बऱ्याचदा याच कापडापासून सुरू होतो. मागून येऊन कुणी ते ओढतं, कुणी बुचड्याला टपली मारतं, कुणी 'आत काय लपवलंय?' असं विचारतं. मुलीही यातून सुटत नाहीत. चेहऱ्यावरचे केस न काढणाऱ्या शीख मुलींना त्यावरून टोमणे ऐकावे लागतात.

हे किती मुलांसोबत घडतं?

९/११ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत पगडीवाल्या माणसाकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. हल्ल्याच्या चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, ॲरिझोना राज्यात बलबीर सिंग सोधी यांची त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घालून हत्या झाली. याच काळात 'शीख कोएलिशन' ही संघटना उभी राहिली. या संघटनेने २०१४ साली अमेरिकेतल्या शीख विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. निम्म्याहून जास्त मुलांनी शाळेत छळ झाल्याचं सांगितलं. पगडी किंवा पटका बांधणाऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण दोन तृतीयांशांवर होतं. अहवालाला नावच 'गो होम, टेररिस्ट' असं दिलं होतं, म्हणजे मुलांना वर्गात जे ऐकवलं जातं तेच.

मग आईवडिलांना का सांगत नाहीत?

खरा पेच इथे आहे. ज्या वडिलांनी नोकरीच्या ठिकाणी टोमणे खात पगडी टिकवली, त्यांना 'मला केस कापायचेत' हे कसं सांगायचं? अनेक मुलांना शाळेतल्या छळापेक्षा हे वाक्य जड वाटतं. केस म्हणजे 'केश', श्रद्धेचा भाग. ते कापण्याचा विचार मनात आला म्हणजे आपण कुटुंबाला दगा दिला, अशी टोचणी लागते.

त्यात समाज छोटा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत शीख लोकसंख्या सुमारे सव्वापाच लाख होती. गुरुद्वाऱ्यात, लग्नात, लंगरमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. पंजाबीत 'लोक की कहणगे' म्हणतात. भाषांतराची गरजच नाही, आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' आहेच. प्रेमप्रकरण, घरातली मारहाण, दारू, नैराश्य, लैंगिक ओळख यातलं काहीही बाहेर फुटलं तर घराची इज्जत जाईल, ही भीती मुलांना गप्प बसवते.

म्हणून 'गोपनीय' हा शब्द इथे फार महत्त्वाचा ठरतो. पण मदत मागायची कुणाकडे, यात दोन्हीकडून अडचण आहे. सर्वसाधारण हेल्पलाइनवर ओळखीचं कुणी भेटण्याची भीती नाही, पण पटका ओढला जाणं म्हणजे नुसती टोपी उडवणं नाही, हे आधी समजावून सांगावं लागतं. समाजातल्या हेल्पलाइनवर काहीच समजावावं लागत नाही, पण पलीकडचा आवाज काकांच्या ओळखीतला निघाला तर?

कोणती दारं उघडी आहेत?

ब्रिटनमध्ये दोन्ही पर्याय आहेत. 'शीख हेल्पलाइन' फोन आणि ईमेलवरून मोफत, गोपनीय समुपदेशन देते. २०१७ साली शुरंजीत सिंग यांनी सुरू केलेली 'तराकी' ही संस्था पंजाबी समाजात मानसिक आरोग्यावर मोकळेपणाने बोललं जावं म्हणून काम करते. आणि १९८६ पासून सुरू असलेली 'चाइल्डलाइन' तर सगळ्याच मुलांसाठी आहे. तिचा ०८०० ११११ हा नंबर मोफत आहे आणि फोनच्या बिलात दिसत नाही. खरं नाव सांगावं लागत नाही. बिल वडील भरतात अशा घरातल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही.

गोपनीयतेला मर्यादा असतात, हेही माहीत हवं. मुलाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर समुपदेशक इतरांची मदत घेऊ शकतो. त्यामुळे फोन लावल्यावर 'तुम्ही हे कधी, कुणाला सांगाल?' असा प्रश्न सुरुवातीलाच विचारायला काहीच हरकत नाही. चांगली सेवा त्याचं सरळ उत्तर देते.

अमेरिकेत शीख कोएलिशन छळ झालेल्या मुलांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत करते. शाळा दाद देत नसेल तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करता येते. कॅनडात 'किड्स हेल्प फोन' चोवीस तास सुरू असतो आणि मेसेजवरही बोलता येतं. शेजारच्या खोलीत घरचे बसलेले असताना फोनवर बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जातं.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये एका खासगी शाळेने पगडी आणि लांब केसांमुळे शीख मुलाला प्रवेश नाकारला होता. 'मंडला विरुद्ध डॉवेल ली' नावाने ओळखला जाणारा हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८३ साली निकाल लागला की शीख हा वांशिक गट आहे आणि वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण त्यांना मिळतं. म्हणजे पटका ओढणं 'पोरांची मस्ती' म्हणून शाळेला सहज झटकता येत नाही. मात्र तक्रारीत तारीख, जागा, कोण होतं, कुणी पाहिलं हे लिहिलेलं असेल आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडलेले असतील, तर ती टाळणं शाळेला जड जातं.

आणि भारतात?

इथे कुणी 'तुझ्या देशात परत जा' म्हणणार नाही. इथे 'बारा वाजले का?' असं विचारतात आणि सरदारजींचे विनोद फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतात. या विनोदांवर बंदी घालावी, अशी याचिका २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली होती. लोकांनी कसं वागावं याची नियमावली कोर्ट घालून देऊ शकत नाही, असं न्यायाधीशांनी २०१७ मध्ये म्हटलं. कोर्टाची अडचण समजण्यासारखी आहे, पण वर्गात एकटाच सरदार असलेल्या मुलाला त्याने काही दिलासा मिळत नाही.

अशा मुलासाठी, आणि खरं तर कुठल्याही मुलासाठी, १०९८ हा मोफत नंबर आहे. ही चाइल्डलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. मानसिक त्रासासाठी १४४१६ वर 'टेलि-मानस' सेवा आहे. तीही मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं, पंजाबीतही.