एकच हात का कापतो?

बौद्धवाडीत आरोग्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी येते, "वयाचा आसा, असाच चलताला." बोलणे असते हाताच्या कापण्याविषयी. तेव्हा आम्ही विचारतो, एक हात कापतो की दोन्ही? मांडीवर स्वस्थ असताना, की पेजेची वाटी उचलताना?

मेंदूच्या आत खोलवर 'पुटामेन' नावाचा गाभा असतो, डावीकडे एक, उजवीकडे एक. हालचाल सुरू करणे, ती हवी तेवढी ठेवणे यात त्याचा मोठा वाटा. त्यात शरीराचा नकाशाच असतो, पण उलट्या टांगलेल्या माणसासारखा: पाय वर, हात मध्ये, चेहरा खाली. डाव्या गाभ्यात उजवे अंग, उजव्यात डावे.

या गाभ्याला डोपामिन पुरवणाऱ्या काळसर पेशी मरू लागल्या की पार्किन्सन्स होतो. दोन्ही बाजूंचा पुरवठा सारखा आटत नाही, म्हणून बहुधा एकाच बाजूने सुरुवात होते. स्वस्थ हात कापतो, बांगडा साफ करायला घेतला की थांबतो. चालताना तो हात हलत नाही, त्याच बाजूचा पाय घासतो, अक्षर बारीक होते. चेहरा निर्विकार होतो आणि घरचे समजतात, म्हातारा रागावलाय! (दोन्ही हात काम करताना कापत असतील तर कारण बहुधा वेगळे, पण तेही डॉक्टरांनीच ठरवायचे.) गाऱ्हाणे घालून या पेशी परत येत नाहीत. गोळ्यांनी मात्र हालचाल पुष्कळ सुधारते. त्या मनाने बंद करू नयेत.

गोळ्यांतले लेव्होडोपा आपल्या कुंपणावरच्या खाजकुयलीच्या बियांतही असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते 1937 साली त्यातून वेगळे केले. म्हणून बिया भाजून खाऊ नका, मात्रा कळत नाही.

हे सारे हळूहळू होते. तोंड, हात, पाय एकदम लुळे पडले तर गोष्ट निराळी. पुटामेनच्या शेजारूनच या तिन्हींचे तंतू एका जुडीत खाली उतरतात. वाढलेल्या रक्तदाबाने तिथली बारीक रक्तवाहिनी फुटली किंवा बंद झाली की अर्धे अंग जाते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅननंतर. मालवणहून ओरोस, तिथून वेळ पडली तर बांबोळी, हे अंतर धरले तर मालिश करत बसायला वेळ कुठे? 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा.