खारातलं भात: ऐकीव गोष्टी आणि खरं काय

खाडीचं पाणी शेतात शिरलं की पहिला सल्ला मिळतो तो जिप्सम टाकण्याचा. रत्नागिरीच्या खाडीकाठी तो बहुतेक वेळा वाया जातो. जिप्सम हा चोपण जमिनीवरचा उपाय. तिथे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जिप्सममधलं कॅल्शियम सोडवतं. खाडीकाठी मुख्यतः विरघळणारे क्षार असतात. त्यांना लागतं गोडं पाणी आणि निचरा. हे काम कोकणात पाऊस फुकट करतो. क्षार धुतले जातात, ओहोटीला बांधातल्या उघाडीतून पाणी बाहेर पडतं. पावसाळा सरून ऊन तापलं की क्षार पुन्हा वर येतात, म्हणून खारात भात घ्यायचं ते खरिपातच.

दुसरा समज असा, की खार सोसणारं बियाणं म्हणजे ‘जीएम’. भारतात जीएम भाताच्या लागवडीला परवानगीच नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. तिथले ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे वाण नेहमीच्या पैदास पद्धतीनेच तयार झाले. केरळच्या ‘पोक्कळी’ भातातला ‘सॉल्टॉल’ हा गुणसूत्राचा तुकडाही संकरानेच इतर वाणांत आणतात. कुठल्या रोपात तो उतरला, एवढंच प्रयोगशाळेत तपासतात. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘पूसा डीएसटी राइस १’ या वाणाची गोष्ट वेगळी आहे. त्यात जनुक-संपादन आहे, पण बाहेरचा जनुक नाही. भाताचाच एक जनुक निकामी केला, की पानावरची रंध्रं अधिक मिटतात आणि पाणी वाचतं. जनुक घालून नव्हे, बंद पाडून मिळालेला हा फायदा!

‘सोशीक रोप मीठ आत घेतच नाही’ हेही खरं नाही. तिवराचं पान उन्हाच्या वेळी जिभेला लावून पाहा, खारट लागेल. आत आलेलं मीठ ते पानावाटे बाहेर टाकतं. भाताला ही सोय नाही. बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या जुन्या वाणातून २००५ साली एक जनुक सापडला. त्याचं प्रथिन मुळांकडून वर निघालेल्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेतं. पानापर्यंत कमी पोहोचतं, म्हणून पान हिरवं राहतं. पण हे एकट्या जनुकाचं काम नव्हे. कोणी सोडियम मुळाबाहेर ढकलतो, कोणी पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतो. ‘खाराचा जनुक’ असा एकच शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

शेवटचा समज सगळ्यांत महागात पडणारा: सोशीक वाण आहे, मग बांध कशाला? समुद्राच्या पाण्यात कोणतंच भात पिकत नाही. रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात तर सोशीक वाणही नाजूक असतो. तेव्हा बियाण्याची पिशवी आणण्याआधी बांधाची खांड बुजवा, उघाडीची झडप पाहा आणि लावणीला जून रोप घ्या.